छोटी दुरुस्ती

"एका घरात सात चुली मांडल्यात तुम्ही लोकांनी," प्रमुख म्हणाला आणि त्यानं स्क्रीन बूटवाल्यांकडे वळवली. "बघा ना. तेच नाव, तीच फाइल, सात ठिकाणी. कोण कुणाच्या ताटात जेवतंय तेच कळत नाही."

"मांडल्या नाहीत, मांडल्या गेल्या," बूटवाले म्हणाले.

"ते काहीही असो. आता एक चूल करा. सहा आठवडे देतो."

बूटवाल्यांनी मान हलवली. हे काम करायला हवं असं पंधरा वर्षं प्रत्येक बैठकीत ते स्वतःच सांगत आले होते, आणि प्रत्येक बैठकीत ते पुढच्या वर्षावर गेलं होतं. आता निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना ते आपसूक पदरात पडलं. आनंद व्हायला हवा होता. ते जागेवर जाऊन बसले आणि कामाला लागले.

बूटवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कंपनी दवाखान्यांतल्या यंत्रांसाठी सिस्टिम लिहायची, रक्त तपासणाऱ्या, औषध मोजून सोडणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या यंत्रांसाठी. आणि त्या सिस्टिममधला बूटलोडर सव्वीस वर्षं यांच्याकडे होता. म्हणजे बटण दाबल्यापासूनचे पहिले तीन सेकंद. यंत्राला उठवायचं, त्याचे हातपाय धड आहेत का ते बघायचं, डिस्कवरून मोठी सिस्टिम वाचून मेमरीत नेऊन ठेवायची, तिच्या हाती कारभार सोपवायचा आणि आपण बाजूला व्हायचं. चौथ्या सेकंदाला बूटलोडरची आठवण कुणाला येत नसे. हे सगळं त्यांनी आपल्या आईला दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी ती जन्मभर शेजारणींना सांगत राहिली, की मुलगा बुटांच्या कंपनीत आहे, मोठा हुद्दा आहे. एकदा तिनं मऊ तळव्यांचा एक जोड मागितला. त्यांनी तो बाजारातून आणून दिला.

"कंपनीचाच आहे ना?"

"कंपनीचाच."

ही गोष्ट त्यांनी ऑफिसात सांगितली आणि त्या दिवसापासून ते बूटवाले झाले ते झालेच.

बूटलोडरला बारीकसारीक हत्यारं लागतात. डिस्कचं पान कसं वाचायचं, मेमरीत जागा कशी द्यायची, स्क्रीनवर अक्षर कसं काढायचं. अशी सगळी हत्यारं एका फोल्डरमध्ये ठेवली की त्याला लायब्ररी म्हणायचं. पहिल्या यंत्रासाठी बूटवाल्यांनी ती लिहिली. मग दुसरं यंत्र आलं, तिसरं आलं. ज्याच्याकडे नवं यंत्र जाई तो बूटवाल्यांचा अख्खा फोल्डर उचलून आपल्याकडे नेई आणि लागेल तसा बदल करी. "पुढे एकत्र करू," असं प्रत्येक जण म्हणे. अशा सात प्रती झाल्या. कंपनीच्या सगळ्या कोडला तिथे झाड म्हणत. त्या झाडाच्या सात फांद्यांवर सात घरटी, आणि प्रत्येकात थोड्याफार फरकानं तीच अंडी.

काम तांदूळ निवडण्यासारखं होतं. सातही प्रती शेजारी शेजारी उघडायच्या, एकेक ओळ ताडून बघायची. सारखी असली तर नव्या फोल्डरमध्ये न्यायची. वेगळी असली तर ती कुणी, कधी, कशासाठी बदलली ते नोंदींतून शोधायचं. मग तपासणीच्या खोलीत जाऊन सातही यंत्रं चालू करून बघायची. बूटवाल्यांना हे काम हाताला ठीक वाटत होतं. डोकं न वापरता सकाळची दुपार होत होती.

"इतिहास तेवढा तुटू देऊ नका," प्रमुखानं बजावलं होतं. "फाइल हलली तरी तिच्या नोंदी तिच्याबरोबर जायला हव्यात. नाहीतर उद्या कुणी विचारलं ही ओळ कुणाची, तर सगळं तुमच्याच नावावर दिसायचं."

"दिसू दे. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

पण सांगितलेलं काम अर्धवट करायची त्यांना सवय नव्हती. अकरा-बारा वर्षांपूर्वी कंपनीनं नोंदी ठेवायची पद्धत बदलली तेव्हा फाइली जशा होत्या तशा नव्या वहीत चढवल्या गेल्या, आणि जुन्या नोंदी एका डिस्कवर भरून कपाटात गेल्या. बूटवाल्यांनी ती डिस्क मागवून घेतली.

चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, डिस्क वाचणारी फाइल हातात आली.

हिचं काम साधं. डिस्क एका वेळी एक पान वाचते, पाचशे बारा अक्षरांचं. फाइल वाचायची तर आधी तिची किती पानं होतात ते काढायचं. लांबीला पानानं भागा आणि उरलेल्या तुकड्यासाठी एक पान मिळवा, असा हिशेब कुणालाही सुचेल. पण फाइल बरोब्बर पूर्ण पानांची असली, तुकडा उरलाच नाही, तर हा हिशेब एक पान जास्तीचं वाचतो. आणि ते जास्तीचं पान मेमरीत शेजारी जे काही असेल त्याच्या उरावर जाऊन बसतं.

हे बूटवाल्यांना नवं नव्हतं. कंपनीत कुणालाच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी एका दवाखान्यातली एकेचाळीस यंत्रं उठली नाहीत. आदल्या दिवशी पाठवलेली नवी सिस्टिम नेमकी पूर्ण पानांची भरली होती. माणसं व्हरांड्यात खुर्च्यांवर बसून राहिली, काहींना दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं. कुणी दगावलं नाही, पण त्यात कुणाची हुशारी नव्हती. एकेचाळीसही यंत्रं तिसऱ्या जातीची होती, आणि तिसरं यंत्र मास्तरीणबाईंकडे होतं.

मास्तरीण हे त्यांचं ऑफिसातलं नाव. दुसऱ्याचं काम तपासायला आलं की त्या शाळेतल्या बाईंसारखे शेरे लिहीत, पूर्ण वाक्यात, विरामचिन्हांसकट. सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा म्हणजे 'कारण लिहा.' बारा वर्षं त्या आणि बूटवाले एका टेबलावर डबा खात होते.

चौकशीला तिघे जण बसले होते, त्यांतले एक बूटवाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ही फाइल मी बूटवाल्यांकडून जशीच्या तशी घेतली होती." मग बूटवाल्यांची फाइल उघडली गेली. तिच्यात हिशेब बरोबर होता. बाकीच्यांनी ही फाइल अलीकडेच बूटवाल्यांकडून नव्यानं नेली होती, त्यांच्यातही बरोबर होता.

"माझ्याकडे तर बरोबर आहे, बाई," बूटवाले म्हणाले होते. आवाजात शक्य तितका मऊपणा आणून.

बाईंनी आपली फाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच कधीतरी बदलली असणार." महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

आता जुनी डिस्क समोर होती आणि तिच्यात त्याच फाइलीच्या नोंदी होत्या. पहिली नोंद: ओळ लिहिली. लिहिणारे बूटवाले. चुकीचा हिशेब, अक्षर न अक्षर तोच. सात महिन्यांनी मास्तरीणबाईंनी आपली प्रत नेल्याची नोंद. मग बरीच वर्षं काही नाही. आणि मग, यंत्रं बंद पडली त्याच्या चार महिने आधीची, दुपारी दोन पंचावन्नची एक नोंद: ओळ बदलली. बदलणारे बूटवाले. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: छोटी दुरुस्ती.

नक्कल केलेल्या फाइलीला आपण कुणाची नक्कल आहोत हे ठाऊक नसतं. चूक त्यांनी लिहिली, बाईंनी विश्वासानं नेली, आणि त्यांनी ती कधीतरी ओळखून फक्त आपल्या घरातली दुरुस्त केली. पुढच्याच महिन्यात नोंदींची वही बदलली, आणि चौकशीत कपाटातली डिस्क कुणीच मागवली नाही. चौकशीच्या वेळी सगळ्यांनी त्यांची दुरुस्त केलेली फाइल पाहिली आणि तिच्या मापानं बाईंची मोजली.

बूटवाल्यांनी नोंद पुन्हा वाचली. आपल्याला आता काहीतरी होईल म्हणून ते थोडा वेळ थांबले. छातीत धडधडेल, घाम फुटेल, असं काही. काही झालं नाही. त्यांना ती दुपार आठवत नव्हती. त्यांनी चहा आणला, तो प्यायले, फाइल नव्या फोल्डरमध्ये नेली, सातही यंत्रं चालू करून पाहिली, आणि पुढची फाइल उघडली. त्या दिवशी त्यांनी आणखी दोन फाइली हलवल्या.

दुसऱ्या दिवशी चार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "आज मी मुद्दाम मीठ घातलं नव्हतं."

"कशात?"

"तेच म्हणते मी. तीन दिवस तुम्ही काय खाताय, कुठे बघताय, तुमचं तुम्हाला तरी कळतंय का? काय झालंय?"

त्यांनी तिला ती तारीख सांगितली. म्हणाले, "त्या दिवशी काय होतं, आठवतं तुला?"

बायको शाळेच्या कचेरीत होती. तारखा ही तिची रोजची भाकरी. तरी तिनं मुलीच्या दवाखान्याच्या कागदांची फाइल काढली आणि चार पानं उलटून एकावर बोट ठेवलं. "हात मोडला होता तिचा. झोपाळ्यावरून पडली होती. शाळेनं तुम्हाला फोन केला, मी गावाला होते. तीन वाजता तुम्ही निघालात ऑफिसातून. प्लास्टर होईपर्यंत तिनं तुमची बाही सोडली नव्हती, म्हणाला होतात."

हे मात्र त्यांना आठवलं. बाहीचं. पुढचे चार दिवस ते घरी होते हेही आठवलं. मग त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. नुसतं, एखादं दुसऱ्याचं काम समजावून द्यावं तसं.

ऐकून झाल्यावर बायकोचा जीव जरा भांड्यात पडला. "म्हणजे मुद्दाम नाही ना केलंत तुम्ही. पोरीचा हात मोडल्यावर कोण थांबून मेल लिहीत बसेल?"

"नाही बसणार."

"मग?"

"नंतर सांगता आलं असतं. चौकशीत तरी आठवायला हवं होतं. मी समोर बसलो होतो बाईंच्या."

बायकोनं फाइल मिटली. "सांगणार आहात त्यांना?"

"आता सांगून काय उपयोग?"

"उपयोगाचं विचारलं नाही मी." ती ताटं उचलायला लागली. मग हात थांबवून म्हणाली, "मागे एक बाई आल्या होत्या शाळेत. दाखल्यावर जन्मतारीख चुकली होती त्यांची. केस सगळे पांढरे. म्हटलं, आजी, आता कशाला? ना नोकरी, ना काही. तर म्हणाल्या, काही करायचं नाहीये गं, बरोबर असावी म्हणून."

सकाळी बूटवाले प्रमुखाकडे गेले. प्रमुख वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लावून घेतलं आणि मध्ये न बोलता सगळं ऐकलं.

"अकरा वर्षांपूर्वी मी कॉलेजात होतो," तो म्हणाला. "कंपनीचं नावसुद्धा वेगळं होतं तेव्हा. तो दवाखानाही आता आपल्याकडे नाही. हे उकरून काढलं तर कुणाचं भलं होणार, मला खरंच कळत नाहीये."

"मलाही."

"मग नोंदीत फक्त 'फाइल हलवली' एवढं लिहा. चूक तर दुरुस्त झालेलीच आहे ना? विषय मिटला." त्यानं बूटवाल्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? दोन दिवस सुट्टी घ्या."

"अर्धा दिवस पुरे," बूटवाले म्हणाले.

मास्तरीणबाई बहिणीच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात असतात, हे त्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्या रस्त्यानं जाताना काचेतून त्या त्यांना दिसल्याही होत्या. तेव्हा बूटवाले आत गेले नव्हते. आपल्याला बघून बाईंना अवघड वाटेल, असं मनाशी म्हणून त्यांनी रस्ता ओलांडला होता.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर फ्रेमा, काउंटरवर आरसा, मागे पडद्याआड काच घासायचं यंत्र. त्याच्यावर पाण्याची बारीक धार पडत होती. बाई पडद्याबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना पांढरा चिखल लागलेला होता आणि हातात एक भिंग होतं. केस पिकले होते. चष्मा मात्र नव्हता.

"बूटवाले," त्या म्हणाल्या, कालच डबा खाऊन उठल्यासारख्या. "चष्मा मोडला का?"

"नाही. काम होतं तुमच्याकडे."

"बसा. एवढी काच बसवते. फ्रेम गार झाली की हट्टाला पेटते."

त्यांनी गरम हवेवर फ्रेम धरली, अंगठ्यानं भिंग आत दाबलं, उजेडाकडे करून कडा पाहिली, आणि एक डोळा मिटून पुन्हा पाहिली. मग हात पुसले. "बोला."

बूटवाल्यांनी बसमध्ये तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. ती त्यांनी म्हटली. "ती ओळ तुमची नव्हती, माझी होती. तुम्ही नेलीत तेव्हा ती चुकीचीच होती. मी नंतर माझ्याकडची दुरुस्त केली आणि कुणाला सांगितलं नाही." आणि मग चौथं, जे जुळवलेलं नव्हतं: "विसरलो मी."

त्यांनी छापून आणलेला कागद काउंटरवर ठेवला. वर जुनी ओळ, खाली नवी, शेजारी तारखा. बाईंनी तो आपल्याकडे फिरवून घेतला आणि वाचला.

"दोन पंचावन्न," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि यंत्रं बंद पडली ती?"

"चार महिन्यांनी."

मागे धार पडत होती. बाई आत जाऊन ती बंद करून आल्या.

"मला आठवायचंच नाही ते," त्या म्हणाल्या. "ती ओळ बदलल्याचं. मला एकूण एक ओळ आठवते, बूटवाले, कुठली ओळ लिहिताना खिडकी उघडी होती तेसुद्धा. ती एकच आठवेना. किती महिने अंथरुणावर पडलं की तेच. शेवटी म्हटलं, आपलं डोकं आता भरवशाचं नाही. हातानं केलेलं ज्याला आठवत नाही त्या माणसानं दवाखान्याच्या यंत्रांना हात लावू नये. नंतर दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. चांगल्या जागा होत्या. मी गेले नाही."

बूटवाले अकरा वर्षं समजत होते की बाईंना कुणी काम दिलं नाही. त्या चौकशीमुळे, बोभाट्यामुळे. त्यांनी तोंड उघडलं. "बाई, मला..."

"थांबा जरा." बाईंची नजर कागदावर होती. "ही खालची ओळ. हीच आहे अजून?"

"हीच. आता तर एकच फाइल राहणार. सातही यंत्रांत हीच जाईल."

"आणि फाइल रिकामी असली तर?"

बूटवाल्यांनी कागद उलटा वाचायचा प्रयत्न केला. दुरुस्ती करताना त्यांनी एवढंच केलं होतं, की भागण्याआधी लांबीतून एक काढायचा. म्हणजे पूर्ण पानांची फाइल असली तरी एक पान जास्तीचं धरलं जात नाही. पण रिकाम्या फाइलीची लांबी शून्य. त्या हिशेबाला शून्याखालचं काही ठाऊक नव्हतं. शून्यातून एक काढला की तो उलटा फिरून सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन उभा राहणार, आणि यंत्र ऐंशी लाखांहून जास्त पानं वाचायला बसणार.

"रिकामी फाइल कोण देणार बूटलोडरला?" ते म्हणाले.

"बरोब्बर पूर्ण पानांची तरी कोण देणार होतं?"

बाईंनी काचेवर खुणा करायचं पेन उचललं आणि ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. "लांबीतून काही काढूच नका. उलट एका पानाला एक अक्षर कमी, म्हणजे पाचशे अकरा, तिच्यात मिळवा आणि मग भागा. तुकडा असो, नसो, शून्य असो." पेन बंद करून त्यांनी कागद परत फिरवला. अक्षर तेच होतं, शाळेतल्या फळ्यावरचं.

बूटवाल्यांनी ती ओळ मनात तीन वेळा चालवून पाहिली. कुठेच अडली नाही.

"मी ही तुमच्या नावावर चढवतो," ते म्हणाले. "तशी सोय आहे आता. लिहिणारा वेगळा, चढवणारा वेगळा."

"नको."

"तुमचंच आहे ते, बाई."

"असू दे. माझं नाव नकोय मला आता तिथे. चांगल्यालाही नको." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. "कारण तेवढं लिहा. पूर्ण लिहा, तुमच्यासारखं दोन शब्दांत नको."

"लिहितो."

"आणि तुम्ही माफीबिफीचं काहीतरी म्हणणार होतात मघाशी. त्यावर काय म्हणायचं ते मला सुचत नाहीये. चार दिवसांनी सुचेल कदाचित, नाहीतर नाही सुचणार."

"मी येईन चार दिवसांनी."

"येऊ नका. आलात तर चष्म्यासाठी या."

तेवढ्यात दार उघडून एक म्हातारे गृहस्थ आत आले, तयार चष्मा न्यायला. बाईंनी तो त्यांच्या नाकावर चढवला, कानामागे बोट घालून दांडी दाबून पाहिली, पुन्हा काढून गरम करून वाकवली, पुन्हा चढवला. मग त्यांच्या हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं.

"शेवटची ओळ वाचा, काका."

काका सावकाश, अडखळत वाचायला लागले. बाई खाली मान घालून ऐकत होत्या, एकेक शब्द तपासत असल्यासारख्या. बूटवाले उठले, कागदाची घडी घातली. बाईंनी वर पाहिलं नाही. एक हात उचलला फक्त, आणि तो पुन्हा काउंटरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बूटवाल्यांनी तपासणीच्या खोलीत पहिल्या यंत्रात सिस्टिमच्या फाइलींबरोबर एक रिकामी फाइल ठेवली आणि बटण दाबलं. दिवा लागला. पडदा काळाच राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते पाच मिनिटं तसेच उभे राहिले. यंत्र उठलं नाही. त्यांनी नवी ओळ घालून पुन्हा बटण दाबलं. तीन सेकंदांत यंत्र उठलं. असं त्यांनी सातही यंत्रांवर एकेकदा करून पाहिलं, आधी जुनी ओळ, मग नवी.

कारण लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली. मूळ चूक कुणाची, कधीची. ती कुणी कधी दुरुस्त केली आणि कुणाला सांगितली नाही. त्यानंतर काय बंद पडलं, किती यंत्रं, आणि दोष कसा भलत्याच माणसावर गेला. जुनी दुरुस्तीही कशी अपुरी होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'ही ओळ ज्यांनी सुचवली त्यांना आपलं नाव इथे नको आहे.' खाली बूटवाल्यांचं खरं नाव आपोआप उमटलं.

प्रमुखानं ते दोनदा वाचलं. "ओळ एक आणि कारण दीड पान," तो म्हणाला. "कोण वाचणार आहे हे?"

"कुणी नाही."

"वरून कुणी विचारलं तर?"

"माझं नाव आहे खाली."

प्रमुखानं खालच्या नावावर एकदा नजर टाकली. मग म्हणाला, "मी घाईत होतो, नीट वाचलं नाही, असं समजा," आणि त्यानं मंजुरी दिली.

आता जुने फोल्डर काढून टाकायचे राहिले होते. पहिला गेला, दुसरा गेला. तिसरा काढण्याआधी बूटवाल्यांनी तो उघडला. ओळी नव्या फोल्डरमध्ये कधीच गेल्या होत्या. पण बाईंच्या प्रतीत ओळींच्या अध्येमध्ये टिपा होत्या, ज्या यंत्र वाचत नाही, फक्त पुढचा माणूस वाचतो. ताडून बघताना त्या फरक म्हणून धरल्या गेल्या नव्हत्या, म्हणून मागेच राहिल्या होत्या. बाकीच्या सहा प्रतींत अशी एकही टीप नव्हती. त्यांच्या स्वतःच्या प्रतीतही नव्हती.

आजूबाजूची माणसं जेवायला उठली. बूटवाले टिपा वाचत बसले. सगळ्या पूर्ण वाक्यांत होत्या. एकेक वाचायची, तिची ओळ नव्या फाइलीत शोधायची, आणि तिच्या डोक्यावर ती नेऊन ठेवायची, असं ते करत गेले. कुठल्याच टिपेखाली नाव नव्हतं. डिस्क पहिल्यांदा जागी होते तिथल्या एका ओळीवर बाईंनी लिहिलं होतं, 'इथे घाई करू नये. ती आपल्या वेगानं उठते. उत्तर येईपर्यंत थांबावं.'

बूटवाल्यांनी ती जागच्या जागी नेऊन ठेवली. पूर्णविराम आला आहे ना ते पाहिलं. मग तिसरा फोल्डर काढून टाकला.